ना हरकत

ले-आउटमध्ये प्लॉट घेणारा माणूस तीन गोष्टी विचारतो. रोडपासून किती आत आहे, भाव काय चालू आहे आणि हप्ते पाडून देणार का. नकाशाबद्दल तो विचारत नाही, कारण नकाशा त्याच्यासमोर आधीच पसरलेला असतो. चकचकीत कागदावर प्लॉटचे नंबर, रुंद रस्ते आणि मधोमध एक हिरवा चौकोन. चौकोनात ‘ओपन स्पेस’ लिहिलेले. काही नकाशांवर तर झाडाखाली बसलेले कुटुंब आणि घसरगुंडीसुद्धा छापलेली असते. सौदा होतो, इसार दिला जातो, खरेदीखत होते. पाच-सात वर्षांनी पैसे जमवून घर बांधायला जावे तर हिरव्या चौकोनात प्लॉट पडलेले असतात आणि ओपन स्पेस नाल्याच्या कडेला सरकलेली असते. विचारले की उत्तर येते, “नकाशा रिवाइज झाला ना, तुम्हाला माहीत नाही?”

रिवाइज होणे बेकायदा नाही, हे आधीच सांगून टाकते. मंजूर नकाशात बदल करता येतो, कायद्यात त्याची सोय आहे आणि कधी कधी तो करावाही लागतो. मोजणीत हद्द वेगळी निघते, शेजारच्या गटातून रस्ता मिळत नाही, नाल्याचे पात्र कागदावर होते त्यापेक्षा रुंद निघते. माझा प्रश्न एवढाच आहे की हा बदल होताना विचारले कुणाला जाते.

आमचे शिरपूर जैन वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, मालेगाव-रिसोड रस्त्यावर आहे. बाहेरच्या लोकांना ते अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे माहीत असते. गाव मोठे, पण कारभार ग्रामपंचायतीचा. जुने गावठाण केव्हाच भरून गेले. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला, डिसेंबर 2022 मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि त्याआधीपासूनच आजूबाजूच्या वावरांच्या धुऱ्यावर पांढरे दगड दिसायला लागले होते. तूर-सोयाबीनच्या शेतात एक दिवस मुरमाचा रस्ता पडतो, कमान उभी राहते, कमानीवर कुठल्या तरी नगरीचे नाव लागते. वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा, कुठेही जा, गावाच्या वेशीवर हेच चित्र आहे.

यात आपले लोक मोठ्या संख्येने आहेत. मोहल्ल्यातल्या तीन खोल्यांत तीन भावांचे संसार चालत नाहीत, मग एक भाऊ बाहेर पडतो. तो गॅरेजवाला असतो, ट्रकवर ड्रायव्हर असतो, फळांची गाडी लावतो किंवा माझ्यासारखा मास्तरकी करणारा असतो. त्याची अडचण इतरांपेक्षा थोडी वेगळी आहे. प्रत्येक ले-आउटमध्ये त्याला प्लॉट मिळेलच असे नाही. “तिकडचे सगळे बुक झाले” हे वाक्य ऐकल्यावर त्याचा अर्थ त्याला कळतो. त्यामुळे जिथे देतात तिथे आपली गर्दी होते, आणि देणाऱ्याचे उपकार वाटू लागतात. उपकार करणाऱ्याला कागद कोण विचारणार? ‘दे तो रहा है ना’ एवढ्यावर आपण पंधरा-वीस वर्षांची कमाई मोजून मोकळे होतो. फसवणुकीला सगळ्यात सोपे गिऱ्हाईक आपण याच कारणाने ठरतो. निरक्षरपणाचे कारण मी फार मानत नाही. बीए झालेलेही तसेच सही करतात.

आता नकाशा मंजूर कसा होतो ते पाहू. शेतजमिनीवर घरे बांधायची तर ती जमीन अकृषक करावी लागते आणि तिच्या विभागणीचा नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो. यामागे दोन मुख्य कायदे आहेत, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. दोन्ही 1966 चे. ग्रामीण भागात महसूल खात्याचा अधिकारी नगर रचना कार्यालयाचे मत घेऊन मंजुरी देतो. भूमी अभिलेखची मोजणी जोडलेली असते. मंजुरीबरोबर अटी येतात. रस्ते इतके रुंद हवेत, नाल्या हव्यात, आणि खुली जागा हवी. 2020 च्या डिसेंबरमध्ये राज्यात बहुतेक ठिकाणी लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के क्षेत्र करमणुकीची खुली जागा म्हणून सोडायचे असते. त्याआधीही दहा टक्क्यांचा नियम ओळखीचाच होता.

हिशेब करून बघा. 0.4 हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर, चाळीस गुंठे. त्यातले चार गुंठे खुले. पाच एकरांचा ले-आउट असेल तर वीस गुंठे. एक गुंठा 1089 चौरस फुटांचा, म्हणजे वीस गुंठे झाले 21,780 चौरस फूट. बाराशे फुटांचे प्लॉट पाडले तर मधला रस्ता सोडूनही पंधराएक प्लॉट निघतात. आमच्या भागात पंधरा प्लॉटची किंमत म्हणजे काय, ते प्रत्येकाने आपापल्या गावच्या भावाने गुणून घ्यावे. हिरव्या चौकोनावर नजर का जाते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

खुल्या जागेचे क्षेत्र कमी करायला नियम वाव देत नाही. म्हणून ती कमी केली जात नाही, हलवली जाते. मधली चौकोनी जागा उचलून विजेच्या मोठ्या तारांखाली नेली जाते. किंवा तिचे तीन तुकडे होतात, एक वळणावर त्रिकोणी, एक नाल्याला लागून पट्टी, एक मागच्या हद्दीत जिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते. कागदावर बेरीज बरोबर दहा टक्के येते. मुलाने त्या पट्टीत बॅट फिरवली तर चेंडू नाल्यात जातो, पण हे बेरजेत दिसत नाही.

याच नियमावलीत असेही आहे की आधीची परवानगी सुधारताना, तिच्या आधारे ज्या तिसऱ्या माणसाचे हक्क निर्माण झाले त्याला बाधा येता कामा नये. प्लॉट घेणारा हाच तो तिसरा माणूस. सुधारित नकाशा मंजूर झाला की कार्यालयातल्या जुन्या नकाशावर तो बाद झाल्याचा शिक्का मारायचा असतो. शिक्का कार्यालयातल्या प्रतीवर बसतो. प्लॉटवाल्याने प्लास्टिकच्या फाइलमध्ये, खरेदीखताच्या मागे जपून ठेवलेल्या रंगीत कागदावर कुणी शिक्का मारायला येत नाही. तो बिचारा बाद झालेला नकाशा कपाटात सांभाळत बसतो.

आता गंमत बघा. शहराच्या मंजूर विकास आराखड्यात सरकारला किंवा पालिकेला छोटासा बदल करायचा असेल, तर 1966 च्या त्याच कायद्याच्या कलम 37 प्रमाणे जाहीर सूचना काढावी लागते, हरकती व सूचना मागवाव्या लागतात, त्यासाठी महिनाभराची मुदत द्यावी लागते. पण खाजगी मालकाने कलम 44 खाली अर्ज केला आणि कलम 45 खाली त्याला मंजुरी मिळाली, तर या दोन कलमांत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती मागवण्याची सक्ती कुठेही नाही. उलट साठ दिवसांत उत्तर दिले नाही तर काही अटींवर परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. अर्जदाराला मुदत आहे, अधिकाऱ्याला मुदत आहे. त्या नकाशावर ज्यांची घरे उभी राहणार त्यांना ना मुदत आहे ना सूचना.

‘हरकत’ या शब्दापाशी मी दर वर्षी वर्गात थांबते. मुले घरी उर्दू बोलतात आणि मराठी शिकताना तहसीलच्या भाषेला घाबरतात. मी त्यांना सांगते की ही भाषा निम्मी आपल्याच घरातली आहे. नकाशा, हद्द, मौजे, रकबा, अर्ज, मंजूर, कब्जा, दस्तऐवज, सगळे अरबी-फारसीतून आलेले. फक्त काही शब्दांनी वाटेत अर्थ बदलला. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल. ‘हरकत में बरकत’ म्हणतो तो हात-पाय हलवणाऱ्याला बरकत मिळते म्हणून. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. एका मुलीने मला विचारले होते, मग ‘ना हरकत प्रमाणपत्र’ म्हणजे हलणार नाही असे लिहून देणे का? वर्ग हसला. पण आमच्याकडच्या बहुतेक ना हरकत पत्रांचा खरा अर्थ तिने सांगितला तोच आहे.

कारण संमतीचा कायदा आहे, आणि तो कडक आहे. 2016 च्या रेरा कायद्याच्या कलम 14 मध्ये म्हटले आहे की मंजूर नकाशात, ले-आउटमध्ये किंवा सामाईक जागांमध्ये बदल करायचा तर किमान दोन तृतीयांश घेणाऱ्यांची लेखी पूर्वसंमती लागते. विकासकाने स्वतःकडे कितीही प्लॉट ठेवले असले तरी त्याची मते यात धरत नाहीत. हा कायदा फ्लॅटपुरता नाही, प्लॉटच्या ले-आउटलाही लागू आहे. नियोजन क्षेत्रात जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि प्लॉट आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणी टाळता येत नाही. फ्लॅटच्या बाबतीत तर महाराष्ट्रात 1963 पासूनच मोफा कायदा आहे, त्यातही घेणाऱ्याच्या संमतीशिवाय नकाशा बदलायला बंदी आहे.

मग बदल होतात कसे? संमती आधीच घेऊन ठेवलेली असते. खरेदीखताच्या किंवा साध्या करारनाम्याच्या सातव्या-आठव्या पानावर एक वाक्य असते. भविष्यात मालकाने ले-आउटमध्ये कोणताही बदल केल्यास खरेदीदाराची हरकत राहणार नाही, अशा अर्थाचे. मोहल्ल्यातल्या बायका माझ्याकडे कागद घेऊन येतात. “आपा, जरा ये पढ के बताव, कहाँ साइन करना है?” कुठे सही करायची हे त्या विचारतात, कशावर करायची हे कुणी विचारत नाही, कारण घरातल्या पुरुषांनी सौदा ठरवून टाकलेला असतो. मी ते वाक्य बोट ठेवून दाखवते. त्या घरी जाऊन सांगतात. मग निरोप येतो की आपाला म्हणावे एवढे बारीक बघितले तर प्लॉट हातचा जाईल.

अशी सरसकट संमती न्यायालयात टिकतेच असे नाही. मुंबईतल्या मधुविहार सोसायटीच्या खटल्यात 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की संमती माहिती देऊन घेतलेली हवी, नेमक्या कोणत्या बदलाला ती आहे ते घेणाऱ्यासमोर मांडलेले हवे. आधीच घेतलेली कोरी संमती मोफा कायद्याप्रमाणे संमती नव्हे. तो निकाल फ्लॅटवाल्यांचा होता, तरी तर्क प्लॉटलाही तितकाच लागू पडतो असे मला वाटते. अर्थात ड्रायव्हरची बायको मुंबईच्या कोर्टात जाणार नाही, हे कागद लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते.

नकाशाबाहेरच्या बांधकामाची किंमत शेवटी राहणारा मोजतो, हे समजायला वरळीचे कॅम्पा कोला कंपाउंड आठवावे. 1980 च्या दशकात तिथे सात इमारती उभ्या राहिल्या. पालिकेची मंजुरी पाच मजल्यांपर्यंत होती. वाढीव मजल्यांचे सुधारित नकाशे पालिकेने मान्य केले नाहीत, काम थांबवण्याची नोटीसही 1984 मध्ये दिली. बांधकाम चालूच राहिले आणि एक इमारत तर वीस मजल्यांपर्यंत गेली. फ्लॅट विकले गेले, लोक राहायला आले, मुले मोठी झाली. 27 फेब्रुवारी 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात निकाल दिला आणि जून 2014 मध्ये शंभराच्या आसपास बेकायदा फ्लॅटांचे पाणी, वीज आणि गॅस तोडले गेले. ते लोक शिकलेले होते, पैसेवाले होते, टीव्हीचे कॅमेरे रात्रंदिवस त्यांच्या दारात होते. त्यांचे हे झाले. मुरमाच्या रस्त्यावरच्या आपल्या नगरीत कॅमेरा कोण आणणार?

उलट उदाहरणही आहे. बंगळूरच्या राजमहाल विलास एक्स्टेंशनमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून एका खाजगी ट्रस्टला रुग्णालयासाठी दिली गेली. तिथले रहिवासी कोर्टात गेले. ट्रस्टचे म्हणणे होते की रुग्णालय तर लोकांच्याच भल्याचे आहे, आणि या रहिवाशांचे यात गेले काय? 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. बाग ही तिथे राहणाऱ्या सगळ्यांची गरज आहे आणि ती वाचवण्यासाठी दाद मागण्याचा हक्क रहिवाशांना आहे, असा त्याचा गाभा होता.

रुग्णालय भल्याचेच असते, यावरून मी आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येते. काही वाचकांना हे आवडणार नाही.

ले-आउटमध्ये पंचवीस-तीस घरे आपली झाली की पहिली चर्चा मशिदीची होते. ते साहजिक आहे. जुनी मशीद लांब पडते, म्हाताऱ्यांना फजरला जाता येत नाही. मग कुणी तरी म्हणतो, ओपन स्पेस पडूनच आहे. आधी चार पत्रे, मग चटया, मग वजूसाठी नळ, मग पाया. शेजारच्या ले-आउटमध्ये तेच मंदिराच्या ओट्याने होते, मग सभामंडपाने. दोन्हीकडचा माणूस दुसरीकडे बोट दाखवतो, आणि दोन्हीकडचा ले-आउट मालक मनातल्या मनात खूश असतो, कारण खुल्या जागेवर धर्माचा झेंडा लागला की उरलेल्या जागेत त्याने पाडलेल्या प्लॉटबद्दल कुणी विचारत नाही. धर्मस्थळ त्याच्यासाठी कुंपणाचे काम करते.

हरियाणातल्या ठाणेसरचा निकाल या बाबतीत वाचण्यासारखा आहे. नगर योजनेत खुली म्हणून सोडलेली जमीन पालिकेने एका सामाजिक संस्थेला धर्मशाळेसाठी भाड्याने दिली. धर्मशाळा म्हणजे सवाबाचेच काम. तरीही सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये ते बांधकाम पाडायला सांगितले. मोकळी हवा आणि स्वच्छ परिसर हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून तो निकाल दिला गेला. पुढे 29 सप्टेंबर 2009 ला त्याच न्यायालयाने आदेश दिला की रस्ते, बागा आणि सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा अशा कोणत्याही नावाने नवे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन बांधता येते, अशी वाट नियमात आहे असे कुणी दाखवून देईल. असेल. पण आपल्याकडे परवानगी घेऊन पाया खोदलेला मी अजून पाहिलेला नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी. मदिन्यातल्या मस्जिद-ए-नबवीची जमीन सहल आणि सुहैल या दोन यतीम मुलांची होती. ती फुकट देऊ केली गेली होती, पण पैगंबर साहेबांनी किंमत देऊनच घेतली. सीरतच्या पुस्तकांत हा प्रसंग सगळ्यांनी वाचलेला आहे, दीनियातच्या तासाला मुलेही सांगतात. दुसऱ्याची वीतभर जमीन बळकावणाऱ्याबद्दल हदीसमध्ये किती कडक इशारा आहे, तोही जुम्याच्या बयानात ऐकलेला असतो. ओपन स्पेस ही ले-आउटमधल्या प्रत्येक प्लॉटवाल्याची आहे. त्यात शेवटच्या कोपऱ्यात राहणारे दोन बौद्ध कुटुंबे आणि एक मराठा मास्तरही येतात. त्यांना न विचारता घेतलेल्या जागेवर सजदा कसा करायचा? तीस घरांनी वर्गणी काढून एक प्लॉट विकत घ्यावा, रीतसर परवानगी मागावी. महाग पडेल. मदिन्यातही फुकट मिळत होती, तरी घेतली नाही.

खुली जागा खुली राहिली तर तिचा उपयोग सगळ्यात जास्त बायकांना आणि मुलींना होतो, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही. मुलगे मैदान शोधत कुठेही जातात. माझ्या वर्गातली सातवीची मुलगी घरापासून शंभर पावलांवर दोरीवरच्या उड्या मारू शकते, दोन किलोमीटरवर नाही. संध्याकाळी दारासमोरच्या बाकावर अर्धा तास बसायला मिळणे ही आमच्यासाठी चैन आहे. नियमावली खुल्या जागेच्या छोट्या भागात वाचनालय, व्यायामशाळा अशा गोष्टींना वाव देते. मला विचाराल तर एक वाचनालय हवे, उर्दू-मराठी दोन्ही पुस्तकांचे, आणि उरलेले सगळे मोकळे.

आता माझ्या म्हणण्यातली अडचण. मी म्हणते की नकाशा बदलताना लोकांना विचारा, हरकती मागवा. पण हरकत घेण्याचा अधिकार कुणाला आणि कशावर द्यायचा, याची आपल्याला धास्ती वाटायला हवी. गुजरातमध्ये 1991 चा अशांत क्षेत्र कायदा आहे. तो दंगलीच्या दिवसांत लोकांना नाइलाजाने घर विकावे लागू नये म्हणून आणला गेला. त्याखाली घोषित भागात मालमत्ता विकायला कलेक्टरची पूर्वपरवानगी लागते. प्रत्यक्षात मुसलमानाने हिंदूबहुल गल्लीत घर घेतले की शेजारी हरकत घेतात आणि फाइल अडते, अशा बातम्या तिथून येत राहतात. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण ग्रामसभेत नकाशा मांडला आणि चर्चा रस्त्याऐवजी ‘तिथे कोण राहायला येणार’ यावर गेली तर? ती जाऊ शकते. निवडणुकीच्या वर्षात नक्की जाईल.

तरीही मी सुनावणीच्या बाजूने आहे, कारण आज जे बंद दाराआड होते त्यातही आपले नुकसानच होते. फक्त सुनावणीचा विषय बांधून घेतला पाहिजे. रस्ता किती रुंद होता, किती राहिला. नाली कुठून कुठे जाते. खुली जागा कुठे होती, कुठे गेली, तिला रस्ता आहे का, तिच्यावरून तारा जातात का. यापलीकडचा एक शब्दही अध्यक्षांनी नोंदवू नये. हरकत घेणारा त्या ले-आउटचा प्लॉटधारक किंवा लगतचा खातेदार असावा. विकणाऱ्या शेतकऱ्यावरही अन्याय नको. संमतीच्या नावाखाली चार जणांनी त्याला वर्षानुवर्षे अडवून ठेवले आणि पैसे मागितले, असेही होते. म्हणून मुदत ठेवा, तीस दिवस. तेवढ्यात कुणी बोलले नाही तर निर्णय घ्या.

कोणी म्हणेल, नगर रचना कार्यालयाकडे माणसे कुठे आहेत? माणसे कमी आहेत हे मान्य. पण मी मागते आहे त्याला नवा माणूस लागत नाही. सुधारित नकाशाचा अर्ज आला की जुना आणि नवा नकाशा शेजारी शेजारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरतेच. तिच्यासमोर दोन्ही नकाशे वाचून दाखवावेत. आणि खुली जागा व रस्ते यांची नोंद ग्रामपंचायतीच्या नावे झाल्याशिवाय शेवटचे प्लॉट विकू देऊ नयेत. सातबाऱ्यावर खुल्या जागेसमोर मूळ मालकाचेच नाव राहिलेले असते, हे बऱ्याच ठिकाणचे दुखणे आहे. मालक गेला की त्याच्या मुलांची नावे वारसाने लागतात, आणि वीस वर्षांनी ती मुले प्रामाणिकपणे म्हणतात की ही आमच्या अब्बांची जमीन आहे.

हक्काचा प्रश्न वेळेवर सुटला नाही तर काय होते, हे शिरपूरला वेगळे सांगायला नको. आमच्या गावातले अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर दिगंबर आणि श्वेतांबर पंथांच्या वादात 1981 पासून कुलूपबंद होते. तो वाद त्याही आधीचा, 1929 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आलेला. कुलूप निघाले 2023 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. बेचाळीस वर्षे. माझे सगळे शालेय आयुष्य आणि अर्धी नोकरी त्या कुलपासमोरून गेली. त्या वादात दोन्ही बाजूंकडे वकील होते, ट्रस्ट होते, पैसा होता. वीस गुंठ्यांच्या ओपन स्पेससाठी इतके कोण लढेल? म्हणून ती जागा जाण्याआधीच कागद बघितला पाहिजे.

कागद बघायला फार पैसे लागत नाहीत. मंजूर ले-आउटची आणि त्यानंतरच्या प्रत्येक सुधारित नकाशाची नक्कल माहितीच्या अधिकारात मागता येते, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून. मंजुरीच्या आदेशातल्या अटींची नक्कलही त्याच अर्जात मागावी, कारण नकाशा एक बोलतो आणि अटी दुसरे बोलतात असे पुष्कळदा असते. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी आहे का ते मोबाइलवरही दिसते. माझी नववीतली मुले ते दोन मिनिटांत काढून देतात. खुल्या जागेचा सातबारा वेगळा काढावा. करारात सरसकट संमतीचे वाक्य असेल तर ते खोडून मगच सही करावी, आणि बायकोच्या नावाने प्लॉट घेत असाल तर तिला ते वाक्य वाचू द्यावे. पूर्ण पान वाचू द्यावे.

आमच्या गल्लीतून बाहेर पडलेल्या अकरा कुटुंबांनी एका ले-आउटसाठी असा अर्ज दिला आहे. त्यात आठ मुसलमान आहेत, तीन नाहीत. अर्जाचा मसुदा मराठीत मी लिहिला, आणि सह्या करण्याआधी घरच्या बायकांसमोर उर्दूतून वाचून दाखवला. दोघींनी मधेच थांबवून विचारले की नाल्याची पट्टी आपल्या मुलांच्या मैदानात कशी मोजली. तो प्रश्न जसाच्या तसा अर्जात घातला आहे. उत्तराची तीस दिवसांची मुदत या महिनाअखेर संपते. उत्तर आले नाही तर पहिले अपील करायचे ठरले आहे, आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेण्यासाठी सरपंचांना वेगळे पत्र दिले आहे. पत्राची पोच घेतली आहे.